वसई ते हिरादो : एका कादंबरीचं बोट धरून

जपानला निघायच्या आदल्या रात्री बाबांनी पुस्तकाचे ब्लेडने दोन भाग केले. पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून लहानपणी मला रागावणारा माणूस अकराशेहून जास्त पानांच्या कादंबरीच्या कण्यावरून शांतपणे ब्लेड फिरवत होता.

"एका वेळी दोघांना वाचता यायला नको का? पहिला भाग तू घे. मी दुसरा घेतो, माझा पहिला पाठ आहे," ते म्हणाले. मग दोन्ही भागांना जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घातली आणि वर पेनने '१' आणि '२' लिहिलं.

पुस्तक म्हणजे जेम्स क्लॅव्हेलची 'शोगुन'. ती १९७५ साली आली. बाबांनी १९८६ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी प्रत घेतली आणि वसई-चर्चगेट प्रवासात तीन महिने वाचली, बरीचशी उभ्यानेच. एक इंग्रज सुकाणी डच जहाजावरून भरकटत १६०० साली जपानच्या किनाऱ्याला लागतो. तिथे पोर्तुगीज पाद्री आधीच पाय रोवून बसलेले, देशात सत्तेसाठी सरदारांची ओढाताण चाललेली. या परक्याला ना भाषा येते ना रीत कळते, आणि हळूहळू तो त्या देशाचाच होत जातो. या सुकाण्यामागे खरा माणूस आहे, विल्यम अॅडम्स. त्याला शह-काटशह करत आपल्या पदरी ठेवणारा सरदार तोरानागा म्हणजे तोकुगावा इएयासु, पुढे जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेला.

माझं रोजचं काम भाषांतराचं. खरेदीखतं, सातबारे, कोर्टाचे निकाल मराठीतून इंग्रजीत न्यायचे आणि तिकडून इकडे आणायचे. म्हणून या कादंबरीत मला लढायांपेक्षा दुभाषी जास्त धरून ठेवतात. कोण कुणाचं बोलणं कुणाला सांगतोय, काय गाळतोय, कुठे आपल्या पदरचं घालतोय यावर माणसांचे जीव टांगलेले असतात. आणखी एक कारण होतं, ते नागासाकीला पोचल्यावर सांगते.

पहिला दिवस : टोकियो

विमानात झोप झाली नव्हती, म्हणून आज पायाखालचंच बघायचं ठरवलं. टोकियो स्टेशनच्या पूर्वेकडच्या भागाला याएसु म्हणतात. अॅडम्सचा जहाजावरचा डच सोबती यान योस्तेन, त्याच्या नावाचा जपानी तोंडात झालेला उच्चार म्हणजे हे याएसु. स्टेशनाबाहेरच्या भुयारी बाजारात त्याचा अर्धपुतळाही आहे. माणसं त्याच्यासमोर उभी राहून मोबाईलवर बोलत होती.

तिथून चालत निहोनबाशी गाठलं. अॅडम्सचं घर होतं त्या भागाला पुढे कित्येक वर्षं 'अंजिनचो' म्हणत. आता दुकानांच्या रांगेत आठवणीचा एक दगड उरलाय. 'अंजिन' म्हणजे जहाजाची वाट दाखवणारा. दगडासमोर उभं राहून बाबा म्हणाले, "अगं, हे आपल्या तांडेलांसारखंच झालं की. धंद्याचं नाव तेच माणसाचं नाव." वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते चटकन सुचलं. मला मात्र 'अंजिन'साठी मराठी शब्द शोधताना आठवडाभर 'मार्गदर्शक', 'नौचालक' असे कागदी शब्दच दिसत होते.

त्या जहाजाचं नाव 'लीफ्दे'. १५९८ मध्ये रॉटरडॅमहून पाच जहाजं निघाली आणि त्यांतलं हे एकच जपानला पोचलं. शंभरावर खलाशांपैकी जेमतेम चोवीस जिवंत, आणि धड उभे राहू शकणारे त्याहून कमी. जहाजाच्या मागच्या अंगाला विचारवंत इरॅस्मसची लाकडी मूर्ती होती. ती पुढे तोचिगी प्रांतातल्या एका देवळात पोचली आणि तिथले लोक तिला पुजू लागले. आता ती टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. युरोपातल्या पंडिताचा जपानी खेड्यात देव झाला, आणि कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नव्हतं. कादंबरीत हा प्रसंग असता तर मी तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

दुसरा दिवस : इतो

अतामीहून इतोला जाणारी गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते. मधे 'अजिरो' नावाचं स्टेशन येतं. कादंबरीत नायक ज्या कोळीवाड्यात किनाऱ्याला लागतो त्याचं नाव अंजिरो, आणि तेही इझू द्वीपकल्पाच्या याच किनाऱ्यावर. मी खिडकीला नाक लावून बसले होते. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, खाली होड्या, मासे वाळत घातलेले. खरं जहाज इथे लागलंच नव्हतं, ते दूर दक्षिणेला क्युशू बेटावर बुंगोमध्ये लागलं होतं. पण गाव बघून लेखकाने ते इथे का आणलं ते समजलं.

खरा अॅडम्स इतोला आला तो जहाजं बांधायला. इएयासुने युरोपीय धाटणीचं जहाज बांधून मागितलं. आपण सुकाणी आहोत, सुतार नाही, असं अॅडम्सने सांगून पाहिलं, तरी तरुणपणी लंडनजवळ जहाज बांधणाऱ्याकडे केलेली उमेदवारी कामी आली. पहिलं जहाज ऐंशी टनांचं, दुसरं एकशेवीस टनांचं. हे दुसरं १६१० मध्ये पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोपर्यंत गेलं. मात्सुकावा नदीच्या मुखाशी हे काम झालं असं सांगतात. तिथल्या बागेत अॅडम्सचा पुतळा आणि जहाजाचं शिल्प आहे. बाबा नदीच्या मुखाशी बराच वेळ वाळू आणि पाण्याची खोली बघत उभे होते. "जागा बरोबर निवडली," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आंघोळ. इतो गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, मुक्कामाच्या जागी सार्वजनिक न्हाणीघर होतं. आधी छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग गळ्यापर्यंत गरम पाण्यात उतरायचं. बाबा पाऊण तासाने लालबुंद होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "दिवाळीची पहिली आंघोळ झाली."

रात्री मी पहिल्या भागातला आंघोळीचा प्रसंग पुन्हा वाचला. नायक आंघोळीला घाबरतो, आंघोळीने हगवण लागते असं त्याच्या देशात मानतात. भोवतालच्या जपान्यांना त्याच्या अंगाचा वास सहन होत नाही. ही कादंबरी इंग्रज माणसाच्या डोळ्यांनी सांगितलेली आहे आणि वाचकाने त्याच्यासोबत चकित व्हावं अशी तिची रचना आहे. पण माझ्यासारखी वाचक या पानावर त्याच्यासोबत नसतेच. रोज अंगावर पाणी घेणं, चप्पल दाराबाहेर काढणं, उष्ट्याखरकट्याचा विचार, वडीलधाऱ्यांसमोर वाकणं यात नवल ते काय? इथे आपण जपान्यांच्या बाजूला उभे असतो. आणि दोन पानांनी कुणीतरी मान खाली घालून मृत्यू पत्करतो तेव्हा आपण पुन्हा नायकाच्या बाजूला जातो. असं सारखं जागा बदलत वाचण्यात या पुस्तकाची गोडी मला जास्त लागली.

तिसरा दिवस : ओसाकाच्या वाटेवर, आणि किल्ला

अतामीहून शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. फुजी ढगात होता.

गाडीत मी फेझंट नावाच्या रानपक्ष्याचा प्रसंग वाचला. नायकाला भेट मिळालेला फेझंट तो आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे मुरण्यासाठी टांगून ठेवतो आणि याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असं सहज बजावतो. पक्षी सडतो, वास सुटतो, गाव हैराण होतं. पण मालकाचा हुकूम मोडायचा कसा? शेवटी म्हातारा माळी तो पक्षी काढतो, आणि हुकूम मोडल्याबद्दल त्याला प्राण द्यावे लागतात. नायक हादरतो. त्याच्या लेखी ते बोलण्याच्या ओघात आलेलं वाक्य होतं. ऐकणाऱ्यांच्या लेखी तो हुकूम होता.

भाषांतर करणाऱ्याला हा प्रसंग झोप लागू देत नाही. शब्द चुकलेला नाही. दुभाष्यानेही काही चूक केलेली नाही. वाक्य जसंच्या तसं पोचलं आणि त्यानेच जीव घेतला. 'करावे' आणि 'करणे बंधनकारक राहील' यातला फरक न समजल्यामुळे भावाभावांत दावे लागलेले मी रोज बघते. या लेखकाला ते इतकं नेमकं कसं कळलं असेल? स्वतः तो दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा कैदी होता, सिंगापूरच्या चांगी तुरुंगात. ज्यांच्या हुकमाखाली हाल सोसले त्यांच्याच देशावर त्याने तीस वर्षांनी एवढ्या जिव्हाळ्याने लिहावं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

दुपारी ओसाकाचा किल्ला. गिंको झाडं पिवळीधमक झाली होती. बुरूज उंच आणि देखणा, पण तो १९३१ चा, सिमेंटचा. तटाचे प्रचंड दगडही पुढच्या तोकुगावा काळातले आहेत, त्यांतल्या सर्वांत मोठ्यांचं वजन शंभर टनांवर. इएयासुच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याने १५८३ मध्ये बांधायला घेतलेला मूळ किल्ला १६१५ मध्ये पडला आणि त्याच्या भिंती मातीखाली गेल्या. आता त्यांचा एक भाग जमिनीखाली जाऊन बघता येतो. नंतरच्या गुळगुळीत तटापुढे हे दगड ओबडधोबड, हाती लागेल तसे रचलेले दिसतात.

मला हेच दगड बघायचे होते. १६०० च्या मे महिन्यात अॅडम्सला याच किल्ल्यात इएयासुपुढे उभं केलं. पोर्तुगीज जाणणारा एक माणूस मधे होता. कुठून आलास, तुमच्या देशाची कुणाकुणाशी लढाई आहे, देव कोणता मानतोस, असे प्रश्न रात्री उशिरापर्यंत चालले. अॅडम्सने नकाशावर मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून आलेली वाट दाखवली तेव्हा इएयासुला तो खोटं बोलतोय असं वाटलं. हे अॅडम्सनेच पुढे पत्रात लिहून ठेवलंय. हे चाचे आहेत, यांना मारा, असा आग्रह जेसुइट या कॅथलिक संघाचे पाद्री धरत होते. यांनी माझं काही वाईट केलेलं नाही, म्हणून इएयासुने ते मानलं नाही. अॅडम्स सुमारे सहा आठवडे कैदेत होता.

बाबा तिथे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "तो मधला पोर्तुगीज बोलणारा कोण होता, त्याचं नाव कुणीच लिहिलं नाही बघ."

चौथा दिवस : तामात्सुकुरी

आजचा दिवस मारिकोचा. कादंबरीत नायकाला भाषा शिकवणारी, त्याच्या आणि सरदाराच्या मधे उभी असलेली, सामुराईची बायको आणि श्रद्धेने ख्रिस्ती. तिच्यामागची खरी स्त्री होसोकावा ग्रासिया. तिच्या वडिलांनी, आकेची मित्सुहिदेने, १५८२ मध्ये आपल्या धन्याचा, नोबुनागाचा घात केला. मग विश्वासघातक्याची मुलगी म्हणून तिला डोंगरात दडून दिवस काढावे लागले. १५८७ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. १६०० च्या ऑगस्टमध्ये इएयासुच्या विरोधकांनी ओसाकात सरदारांच्या बायकांना ओलीस धरायला सुरुवात केली, तेव्हा तिने शरण जायला नकार दिला. ख्रिस्ती म्हणून आत्महत्या वर्ज्य, सामुराईची पत्नी म्हणून हाती लागणं वर्ज्य. शेवटी तिच्या सांगण्यावरून घरच्या कारभाऱ्याने तिला मारलं आणि वाड्याला आग लावली.

वाड्याचं उरलंय काय? एक विहीर. रस्त्याच्या कडेला, घरांच्या दाटीत. शेजारच्या दगडावर तिची शेवटची कविता कोरलेली आहे. गळून पडायची वेळ ओळखतं म्हणून फूल फूल असतं आणि माणूस माणूस, असा तिचा भाव. जवळच्या चर्चसमोर तिचा पुतळा आहे.

ग्रासिया आणि अॅडम्स एकमेकांना भेटल्याची कुठेही नोंद नाही. कादंबरीतलं त्यांचं प्रेम लेखकाने घडवलेलं आहे, आणि त्यात मला थोडं जास्त गुलाबपाणी वाटतं. पण दोघांना एका खोलीत आणून त्याने मधे भाषा ठेवली, तिथे त्याचा हात फार भारी लागलाय. मारिको एकेक वाक्य तोलून पलीकडे नेते. नवऱ्याचं बोलणं, धन्याचं बोलणं, पाद्र्यांचं बोलणं, आणि या सगळ्यांत स्वतःचं मन कुठेच बाहेर येऊ द्यायचं नाही. विहिरीपाशी पाच मिनिटं कुणीही आलं नाही. एक आजी फक्त सायकलवरून गेल्या.

रात्री आम्ही पुस्तकाचे भाग बदलले.

पाचवा दिवस : ओसाका ते नागासाकी

दिवसभर प्रवास. शिन-ओसाकाहून हाकाता, तिथून एक्स्प्रेसने ताकेओ-ओन्सेन, आणि तिथे समोरच्याच फलाटावर नवी छोटी शिन्कान्सेन. ही २०२२ मध्ये सुरू झाली. सगळे मिळून साडेचार-पाच तास.

हीच वाट १५९७ च्या जानेवारीत हिदेयोशीने पकडलेली काही ख्रिस्ती माणसं चालत गेली होती. चोवीस जण, डाव्या कानाचे तुकडे कापलेले, थंडीत, गावोगाव लोकांना दाखवत; वाटेत आणखी दोघांची भर पडून सव्वीस झाले. सुमारे आठशे किलोमीटर, जवळपास महिनाभर. बाबांनी नकाशावर बोट फिरवून अंतर पाहिलं, पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बाहेर बघत बसले.

सहावा दिवस : नागासाकी

सकाळी बेकरीत गेलो. पाटीवर 'पान' लिहिलेलं. पान म्हणजे पाव. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज तोंडातून निघाले, एक आपल्या किनाऱ्यावर राहिला, एक इथे. मग आम्ही टेबलावर बसून मोजतच सुटलो. ते तंबाखूला 'ताबाको' म्हणतात. साबणाला जुना शब्द 'शाबोन', तोही तिकडचाच. आपला पाद्री तो इथला 'बातेरेन'. आणि आपल्याकडची जुनी माणसं ज्याला किरिस्ताव म्हणत त्याला इथे 'किरिशितान' म्हणत. चारशे वर्षांपूर्वी वसईचा आणि नागासाकीचा माणूस समोरासमोर आले असते तर पाव, तंबाखू आणि पाद्री एवढ्यावर तरी दोघांचं जमलं असतं.

हे सगळं गोव्याहून आलेलं आहे. कादंबरीत ज्या 'काळ्या जहाजा'साठी एवढं राजकारण चालतं ते दरवर्षी गोव्याहून निघे, मकावला चिनी रेशीम भरी आणि नागासाकीला येऊन चांदी घेऊन परते. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला गेले, त्याआधी वर्षभर अंजिरो नावाचा जपानी माणूस गोव्यात येऊन ख्रिस्ती झाला होता. पुढे चार जपानी मुलं युरोपला जाऊन परतताना गोव्यात थांबली, तेव्हा त्यांतल्या मार्तिनो हाराने १५८७ मध्ये लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते गोव्यातच छापलं गेलं. कादंबरी वाचताना गोवा हे नाव येतं आणि निघून जातं. इंग्रज नायकाला गोवा म्हणजे शत्रूचं दूरचं ठाणं. माझ्यासाठी ते शेजारचं गाव.

स्टेशनजवळच निशिझाकाची टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ ला त्या सव्वीस जणांना इथे क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. १९६२ मध्ये त्यांचं स्मारक झालं, त्यांना संत घोषित केल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा. शिल्पकार फुनाकोशी यासुताके. कांस्याची सव्वीस माणसं एका रांगेत, बहुतेक वर बघणारी. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगा आहे. पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली झुकवून हवेत लोंबकळतायत. मी चेहरे नंतर पाहिले, आधी पायच पाहिले.

त्या सव्वीसांत एक वसईचा आहे, गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. जेसुइटांच्या शाळेत शिकून पोरवयात तो जपानला आला आणि इथली भाषा इतकी शिकला की लोकांत प्रवचन करू लागला. मधे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात गेला. १५९३ मध्ये त्याच संघाचे पाद्री पेद्रो बाप्तिस्ता हिदेयोशीकडे आले तेव्हा त्यांचा दुभाषी गोन्सालो होता. जपानच्या सर्वांत बलाढ्य माणसापुढे उभं राहून इकडचं बोलणं तिकडे करणारा हा माणूस आमच्या गावचा. कादंबरी सुरू होते तेव्हा त्याला जाऊन तीनच वर्षं झाली होती.

शाळेत जाताना आमची एसटी गासच्या चर्चवरून जायची. ते चर्च त्यांच्याच नावाचं. वसईच्या किल्ल्यातही त्यांचं चर्च आहे. नाव रोजचं होतं, जपान कुठे होतं ते मात्र माहीत नव्हतं. गासची माझी शाळेतली मैत्रीण निघताना म्हणाली होती, "आमच्या गोन्सालोला सांग, गासला सगळे बरे आहेत."

संग्रहालयातल्या बाईंना मी 'गोन्सालो गार्सिया' म्हटलं. त्यांनी कुठून आलात विचारलं. मी "इंदो" म्हटलं आणि मग "वसई". त्या थांबल्या, काउंटर सोडून बाहेर आल्या, आमच्यासोबत चालत गेल्या आणि रांगेतल्या एका आकृतीकडे सगळा हात पसरून दाखवलं. मग वाकल्या आणि दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मी मराठीतच सांगितलं. आईच्या तोंडून त्यांनी आपल्या किनाऱ्याची बोली ऐकली असणारच. बाबांनी पायांतले बूट काढले होते. नोव्हेंबरातली गार फरशी होती, मी म्हटलं, "बाबा, पाय गारठतील." ते म्हणाले, "असू दे."

संध्याकाळी खोलीवर बसून एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा जुळवत होते. कादंबरीतला दुभाषी पाद्री ज्याच्यावरून घेतलाय तो जुआंव रोद्रिगिश. त्याने याच नागासाकीत १६०४ ते १६०८ च्या दरम्यान जपानी भाषेचं मोठं व्याकरण छापलं. त्याच वर्षांत गोव्यात, साष्टीत, फादर स्टीफन्स मराठी ओव्या रचत होते. त्यांचं ख्रिस्तपुराण राशोलला १६१६ मध्ये छापलं गेलं. स्टीफन्स इंग्रज, अॅडम्सही इंग्रज. एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. एक आपल्या भाषेत विरघळला, एक जपानीत. स्टीफन्स गेले १६१९ मध्ये, अॅडम्स त्यानंतर वर्षभरात. संस्कृतींची टक्कर म्हणतात तेव्हा मला जहाजं आणि तलवारी दिसतात. पण याच काळात ही माणसं परक्या भाषेचे क्रियापदांचे प्रत्यय लिहून काढत बसली होती. मी त्या धंद्यातली आहे, म्हणून मला ती आधी दिसतात.

सातवा दिवस : हिरादो

सासेबोपर्यंत रेल्वे, पुढे बस. तांबडा पूल ओलांडला की हिरादोचं बेट. डचांनी आणि इंग्रजांनी इथे वखारी घातल्या होत्या. इंग्रजांची १६१३ मध्ये उघडली आणि दहा वर्षांत बंद झाली. डचांच्या वखारीचं एक पांढरं गोदाम २०११ मध्ये पुन्हा बांधलंय. मूळ गोदाम १६३९ चं, आणि त्याच्या माथ्यावर ख्रिस्ती सन कोरला होता एवढ्या कारणासाठी ते पाडायला लावलं. एका आकड्यासाठी इमारत गेली.

मुक्कामी पोचायला उशीर झाला. रात्रीचं जेवण अजून मिळेल का असं घरमालकीणबाईंना मोबाईलवर लिहून दाखवलं. त्यांनी श्वास आत ओढला, मान किंचित वाकडी केली आणि म्हणाल्या, "चोत्तो…" मोबाईलने भाषांतर केलं, 'थोडंसं'. मला वाटलं थोडंसं जेवण आहे. बाबा म्हणाले, "चल, बाहेर काही मिळतं का बघू. अगं, ती 'बघू' म्हणाली. आपल्याकडे मुलीकडच्यांना 'बघू, कळवतो' म्हणतात तेव्हा काय असतं?"

बाहेर भाजलेली रताळी मिळाली. सालीसकट कागदात गुंडाळलेली, आतून मधासारखी. १६१५ मध्ये अॅडम्सने र्युक्यू बेटांवरून रताळी आणली आणि इंग्रजांच्या वखारीच्या रिचर्ड कॉक्सने ती हिरादोत लावली. आज एकादशी नव्हती, तरी दोघांनी रताळ्यांवरच रात्र काढली.

आठवा दिवस : सुकाण्याची कबर

साकिगाता टेकडीवर चढण आहे. बाबा दोनदा थांबले. वरून बंदर दिसतं आणि वारा सतत असतो. 'मिउरा अंजिन' एवढंच नाव दगडावर. मिउरा हे नाव टोकियोजवळच्या त्या द्वीपकल्पाचं, जिथे इएयासुने त्याला हेमीची जहागीर दिली. इथे उत्खनन करून मिळालेल्या हाडांची तपासणी झाली, आणि ती त्याचीच असावीत असा निष्कर्ष २०२० मध्ये निघाला.

शेजारी एक लहान दगड आहे. अॅडम्सची पहिली बायको मेरी इंग्लंडमध्ये राहिली. तिच्या कबरीजवळून आणलेला हा दगड १९६४ मध्ये त्याच्या शेजारी ठेवला. तो परत गेलाच नाही. इथे त्याचं दुसरं घर झालं, जोसेफ आणि सुझाना अशी मुलं झाली. १६ मे १६२० ला तो हिरादोत वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने मालमत्तेचे दोन भाग केले होते, अर्धा इंग्लंडच्या बायकामुलीला, अर्धा जपानच्या मुलांना. रोज मृत्युपत्रं वाचणारी मी, पण इतकं सरळ वाटप क्वचित बघते.

तलवारी त्याने मुलाला ठेवल्या. पुढे कॉक्सने त्या जोसेफच्या हातात दिल्या आणि डायरीत नोंद केली की त्या देताना डोळ्यांतून पाणी आलं. कुणाच्या, ते त्याने लिहिलेलं नाही.

मी हे बाबांना तिथेच उभं राहून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खाली वाकून दोन्ही दगडांमधली सुकी पानं हाताने बाजूला केली.

परतीच्या बसमध्ये बाबांनी पिशवीतून दोरा काढला, पुस्तकाचे दोन्ही भाग एकावर एक ठेवले आणि आडवी-उभी गाठ मारली. माझी साठ पानं राहिली होती. मी गाठ सोडली, दुसरा भाग काढून घेतला आणि सासेबो येईपर्यंत वाचत राहिले.